पिलसूनचं मागणं

आमच्या चर्चमध्ये हळू आवाजात प्रार्थना करायची पद्धत नाही. पहाटे पाचला घंटा होते, पाळक दहा मिनिटं वचन सांगतात, मग दिवे मालवतात. अंधारात सगळे तीनदा ‘प्रभू’ अशी हाक मारतात आणि मग एकदमच, ज्याचं त्याने, जमेल तेवढ्या मोठ्याने मागायला लागतात. माणसं पंचवीस-तीस, त्यातल्या निम्म्याहून जास्त म्हाताऱ्या. पण बाहेरून ऐकाल तर धक्क्यावर मासळीचा लिलाव चाललाय असं वाटेल. यात एक सोय आहे. शेजारच्याला तुमचं काही कळत नाही. आपल्याच आवाजाच्या आडोशाला बसून प्रत्येकजण पोटातलं सगळं ओततो, अर्ध्या तासाने दिवे लागले की डोळे पुसतो, चपला शोधतो आणि मिठागरावर जातो.

या सगळ्यांत माझा आवाज मोठा होता. बढाई मारत नाही, बेटावर कोणालाही विचारा. माझा नवरा पहाटे चर्चला येत नाही, अंथरुणातूनच देवाची आणि माझी चौकशी करतो. तो म्हणायचा, “तू प्रार्थना करतेस की देवाला दम देतेस गं? वारा इकडचा असला की मला इथवर ऐकू येतं.”

“मग उठून या की. जवळून ऐका.”

“नको. लांबूनच बरं वाटतं.”

नऊ वर्षांपूर्वी याच आवाजाने मी एक घर मोडलं. ते आधी सांगून टाकते. ते गाळून पुढचं सांगितलं तर ती लबाडी होईल.

पिलसून माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या बेटावर आलो, आमच्या मिठागरांच्या मध्ये एकच बांध आहे. आमच्याकडे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात. माझं नाव मालनिम, पण हाक मिसुकची आई; ती गिलसूची आई. गिलसू तिचा एकुलता एक. बाप लवकर गेला. पोरगा गुणी होता, पण शहरात कामाला गेला आणि दारूच्या नादी लागला, तो इतका की शेवटी दारू सोडवायच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. पिलसूनने गावात सांगितलं, गिलसू मोठ्या बोटीवर आहे, लांबच्या समुद्रात मासे धरायला गेलाय. खरं फक्त मला सांगितलं. एका संध्याकाळी बांधावर बसून, माझा हात धरून म्हणाली, “नाव घेऊन माग त्याच्यासाठी. पण तुझ्यापाशीच ठेव.”

मी मागितलं. सात महिने रोज पहाटे त्याचं नाव घेतलं, त्यात कसूर केली नाही. आणि त्या वर्षी चुसोकला, सुगीच्या सणाला, गिलसू घरी आला, बरा होऊन. चार महिने थेंब घेतला नव्हता. रविवारी आईशेजारी पांढरा शर्ट घालून बसला होता. लोक त्याला बोटीवरचं विचारत होते, तो लाजत काहीबाही उत्तरं देत होता, आणि पिलसूनचा चेहरा काय सांगू, तिला बसायला बाक पुरत नव्हता.

त्या रविवारी मंडळीच्या वतीने प्रार्थना करायची पाळी माझी होती. मी पुढे उभी राहिले, डोळे मिटले. सुरुवात नीट केली होती. देशासाठी, पिकासाठी, आजाऱ्यांसाठी. मग माझं मन भरून आलं. डोळे मिटलेले असले की मला समोर फक्त देव आहे असं वाटतं, आणि देवाला तर सगळं ठाऊकच असतं. मी म्हणाले, “प्रभू, तू आमच्या गिलसूला त्या हॉस्पिटलातून सोडवून आणलंस, त्याच्या हातातली बाटली काढून घेतलीस, तुझे उपकार कसे फेडू.” आणखीही बरंच म्हणाले. रडलेसुद्धा. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा पिलसूनच्या शेजारची जागा रिकामी होती.

तो दुपारच्या बोटीने गेला तो परत आला नाही. वर्षातून एकदा कुठल्यातरी नंबरावरून फोन करतो, जिवंत आहे एवढं सांगतो आणि ठेवतो.

मी माफी मागायला गेले, तेही धड मागता आली नाही. दारात उभी राहून म्हणाले, “अगं, मी तर प्रार्थनाच केली ना.” पिलसूनने माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर नऊ वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बांध तोच, चर्च तेच. तिने जागा बदलली, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायला लागली. हळूहळू गावाने तिला गिलसूची आई म्हणणंही सोडलं. पिलसूनबाई म्हणायला लागले. त्याचं नाव तिच्यासमोर निघू नये म्हणून सगळे जपायचे. आणि त्या नऊ वर्षांत मी पहाटे पूर्वीसारखीच गरजत होते, पुढच्या बाकावर.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गळ्याला गाठ निघाली. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ती काढली. डॉक्टरने आधीच बजावलं होतं, गाठ अशा जागी आहे की आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो. तो लागला. शुद्धीवर आले आणि नवऱ्याला म्हणाले, “पाणी द्या,” तर तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाला, सहा महिने वाट बघा, नस कधीकधी आपली आपण जागी होते. सहा महिन्यांत झाली नाही तर मग हे असंच.

पहिले काही दिवस नवऱ्याने थट्टा केली. “चाळीस वर्षांनी माझं वाक्य पुरं होतंय,” म्हणाला. मग एक दिवस मला आगरावरून हाक मारता येईना म्हणून मी पत्र्याच्या डब्यावर फावडं आपटून त्याला बोलावलं, तर तो आला आणि डोळ्याला बाही लावून उभा राहिला. त्यानंतर थट्टा बंद. पाणीसुद्धा मला हनुवटी छातीला टेकवून प्यावं लागे, नाहीतर ठसका लागे आणि जीव घाबरा होई.

मंडळी आपली आहे. फेब्रुवारीपासून दर बुधवारी त्यांनी मला मधे बसवलं, डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले आणि माझ्या आवाजासाठी आरडाओरडा केला. सामवोल आजी शहाऐंशी वर्षांची, कानाने ठार बहिरी. तिचा हात डोक्यावर पडला की माझी मान खांद्यात जायची. सगळे यायचे. पिलसून यायची नाही, आणि ते बरोबरच होतं.

पहाटेची प्रार्थना मात्र मला नकोशी झाली. आमच्याकडे मनातल्या मनात मागणं म्हणजे पत्र लिहून ते खिशातच ठेवण्यासारखं. मी तोंड उघडायची, आतून घरघर निघायची, शेजारच्या वळून बघायच्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून जूनपासून मी एक युक्ती केली. दिवे मालवले की मग आत शिरायचं, अगदी मागे, खांबाआड, चपलांच्या फळीशेजारच्या बाकावर बसायचं आणि दिवे लागायच्या आत निघून जायचं. मी येते हेही कोणाला कळत नव्हतं.

आपलं तोंड बंद असलं की दुसऱ्यांचं ऐकू येतं, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. पहिले दोन दिवस नुसता गलबला होता. मग त्यातून एकेक आवाज सुटा व्हायला लागला. सामवोल आजी गाईसाठी मागत होती, तेही गाईचं नाव घेऊन. दुकानवाला आपल्या बायकोला सहन करायची ताकद मागत होता आणि दोन बाक पुढे त्याची बायको त्याला सहन करायची ताकद मागत होती. आमचे तरुण मिन पाळक व्यासपीठाजवळ गुडघ्यावर बसून शहरातल्या चर्चला बदली मागायचे, मग रडायचे, मग बदली नको म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे. मला हसू आलं, आणि मग हसू थांबलं. इतकी वर्षं मी या माणसांच्या मधे बसून ओरडत होते आणि यांतल्या एकाचंही मी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मला माझं नाव ऐकू आलं.

आवाज माझ्या पुढच्याच बाकावरून येत होता, बारीक, घासलेला. पिलसूनचा. नऊ वर्षांनी मी तिचा आवाज इतक्या जवळून ऐकत होते. मला वाटलं, माझ्या तक्रारी चालल्यात देवाकडे. म्हटलं, ऐकून तरी घेऊ. मी पुढे वाकले.

“प्रभू, मीच मागितलं होतं,” ती म्हणत होती. “नऊ वर्षं रोज मागितलं. मालनिमचं तोंड बंद कर, म्हटलं. दुसरं काही मागितलं नाही. आणि तू केलंस. मला वाटलं नव्हतं रे तू ऐकतोयस. मी आपली रागाने बोलत होते. आता मला तुझी भीती वाटते. परत दे तिला. मी सकाळचं जेवण सोडलंय फेब्रुवारीपासून, आणखी काय सोडू ते सांग. तिचा आवाज तिला परत दे.”

आणि पुन्हा पहिल्यापासून. तेच शब्द, तसेच. रोजचे झालेले होते ते, तोंडात बसलेले.

मला राग यायला हवा होता. माझं वाईट चिंतणारी बाई हातभर अंतरावर बसली होती. पण राग आला नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि तो जाईना. मी चाळीस वर्षं त्या छपराखाली ओरडले. माणूस इतका ओरडतो तेव्हा समोरचा बहिरा आहे असंच त्याला आतून वाटत असतं. आणि इथे ही बाई, जिचा आवाज शेजारच्या बाकाला जात नव्हता, तिचं कोणीतरी शब्दन् शब्द ऐकलं होतं. आमच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये, चपलांच्या आणि मिठाच्या वासात, ऐकणारा खरोखर बसलेला होता. दिवे लागायच्या आत मी कशीबशी बाहेर पडले आणि बांधावर येऊन बसले. समुद्र ओहोटीला लागला होता, चिखल उघडा पडत होता, रोजचंच सगळं. मला मात्र कशाकडे बघायचा धीर होत नव्हता.

त्या बुधवारी मला मधे बसवायला आले तेव्हा मी उठून भिंतीला टेकून उभी राहिले. मिन पाळक जवळ आले.

“मिसुकच्या आई, विश्वास डळमळला का? असं होतं. आपण सोडायचं नाही.”

मी मान हलवली आणि त्यांच्या वहीत लिहिलं, ‘ज्याने बंद केलं त्याला कारण माहीत आहे.’ त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांना काही कळलं नाही. कळावं असं मी लिहिलंही नव्हतं.

माझा आवाज माझ्या हातात नव्हता आणि आता मी तो मागायलाही तयार नव्हते. पण पिलसून उपाशी राहत होती. पहाटेपासून उन्हात राबणारी बाई पाच महिने न्याहारीशिवाय. बांधाच्या पलीकडून मला ती दिसायची, कपडे अंगावर लोंबत होते. हे मला बघवेना.

जुलैच्या सुरुवातीला एका दुपारी, वाफ्यांमधे मीठ धरलं होतं तेव्हा, मी बांध ओलांडला. पिलसून एकटीच मीठ ओढत होती. मी तिथलं दुसरं लाकडी ओढणं उचललं आणि तिच्या शेजारच्या वाफ्यात उतरले. तिने पाहिलं आणि पुन्हा ओढायला लागली. दोन तास आम्ही मीठ ओढलं, ढीग लावले, टोपल्या भरून कोठारात नेल्या. शेवटची टोपली ओतून ती कोठाराच्या सावलीत टेकली तेव्हा मी तिच्यासमोर बसले, तिचा हात धरला आणि माझ्या गळ्यावर, टाक्यांच्या वणावर ठेवला.

मला म्हणायचं होतं, तू मागितलंस ते बरोबर होतं. ओठ हलले, हवा आली.

पिलसूनला काय समजलं कोण जाणे. पण तिचा चेहरा एकदम उतरला.

“तू ऐकलंस,” ती म्हणाली. “मागे कोणीतरी बसतं असं वाटायचं मला. तू होतीस.”

मी मान हलवली.

“चोरून ऐकलंस.” आता तिचा आवाज चढला. “तेव्हा विश्वासाने सांगितलं ते चव्हाट्यावर मांडलंस. आता देवाशी बोलले तेही चोरून ऐकलंस. तू म्हणजे अगदी कमाल आहेस, मालनिम. एवढं देवाने तोंड बंद केलं तर कान लावून बसलीस.”

ती बोलत होती आणि मी मान हलवत होते. खोटं त्यात काहीच नव्हतं. नऊ वर्षांचं होतं, थोडं नव्हतं. पोराचा शर्ट, माझं रडणं, दारात उभी राहून मी म्हटलेलं ते वाक्य, सगळं निघालं. पण तिने हात गळ्यावरून काढला नाही. बोलून बोलून ती दमली. मग डोळे न मिटताच, शेजारच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “प्रभू, हिचं तोंड बंद करायचं ते माझं मागणं मी परत घेते. पुरे झालं.”

काही झालं नाही. वीज चमकली नाही, माझ्या घशात काही हललं नाही. पिलसून उठली, जवाचं गार पाणी आणलं, दोन वाट्या भरल्या. मी घाईने घोट घेतला आणि मला जबरदस्त ठसका लागला.

“हनुवटी खाली,” पिलसून म्हणाली. “नीट शिकवलं नाही का हॉस्पिटलात?”

तिला कसं माहीत होतं मी विचारू शकले नाही. पाच महिने ती माझ्यावर नजर ठेवून होती, एवढंच त्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर अर्धी वाटी भात खाल्ला.

त्यानंतर आम्ही फार काही बोलायला लागलो असं नाही. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरीची सवय मोडली होती. पण पहाटे मी खांबाआड लपायचं सोडलं. शेवटच्या बाकावरच बसायची, तिच्या मागे, दिवे असताना येऊन. तिचं मागणं आता मला ऐकू येत नव्हतं; ती नुसती बसायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे दिवे मालवले, सगळ्यांनी हाक मारली. पहिल्या ‘प्रभू’ला मी सवयीने तोंड उघडलं, हवा आली. दुसऱ्याला हवा. तिसऱ्याला माझ्या गळ्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. मीच दचकले. पुन्हा काढून पाहिला. निघाला. चर्चमध्ये नेहमीचा कल्लोळ सुरू झाला होता, दुकानवाला आणि त्याची बायको दोन टोकांना आपापलं मागत होते, सामवोल आजी गाईवर आली होती, कोणालाही काही कळलं नाही. फक्त पुढच्या बाकावर पिलसूनची पाठ ताठ झाली. मग ती वळली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. तिने हात पुढे करून माझा गळा चाचपला, तिथे बोटं ठेवली.

“काढ पुन्हा,” ती म्हणाली.

मी काढला. तिच्या बोटांना तो हलताना लागला असणार, कारण ती बाकाच्या पाठीवर डोकं टेकून रडायला लागली. आणि मी त्या अंधारात खाली जमिनीवर बसले. बाकावर बसायची माझी हिंमत झाली नाही. देव इतका जवळ होता.

डॉक्टरने नळी घालून पाहिलं आणि नस जागी झाली म्हणाला, होतं असं काही जणांना. कोणी जागी केली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आवाज पूर्वीचा आला नाही. आता माझा आवाज फाटका आहे आणि दहा वाक्यांनंतर दमतो. नवरा म्हणतो, देवाने बरोबर माप काढून दिलाय.

मग आलं साक्षीचं. आमच्याकडे देवाने कोणाला बरं केलं की त्या माणसाने रविवारी पुढे उभं राहून साक्ष द्यायची असते, काय झालं, कसं झालं, सगळं. ऑगस्टचा दुसरा रविवार ठरला. मिन पाळकांना इतका आनंद झाला होता की त्यांनी पलीकडच्या गावच्या मंडळीलाही बोलावलं. दुकानात, धक्क्यावर, जो तो मला थांबवत होता. “नेमकं कोणत्या घडीला झालं? आधी काही दिसलं का? काय मागत होतीस तेव्हा?” खरं सांगायचं तर सगळी गोष्ट माझ्या जिभेवर तयार होती. अशी साक्ष आमच्या बेटावर कोणी दिली नव्हती. शाप, उपास, अंधारातला आवाज, मिठागर, बोटं. मी भांडी घासताना ती मनात म्हणून बघत होते आणि कुठे थांबायचं, कुठे रडू येईल, हेही मला कळत होतं. मला माझीच भीती वाटायला लागली.

शनिवारी बांधावर पिलसून भेटली.

“उद्या काय सांगणार?” तिने विचारलं.

“काय सांगू?”

“तोंड तुझं आहे,” ती म्हणाली आणि फावडं खांद्यावर टाकून निघून गेली.

रविवारी चर्च भरलं होतं, माणसं दारात उभी होती. मी पुढे गेले. पिलसून आपल्या बाकावर होती, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, नजर खाली. नऊ वर्षांपूर्वी मी इथेच उभी होते. या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

“माझा आवाज गेला होता,” मी म्हणाले. “तो जायला हवाच होता. देवाने तो परत दिला. मी त्याचे उपकार मानते.”

आणि थांबले. सगळे वाट बघत होते. बाहेर कोंबडा आरवला.

सामवोल आजी शेजारणीला म्हणाली, तिला वाटलं हळू म्हणाली, “झालं? आज मिसुकच्या आईचं एवढ्यातच झालं?”

लोक हसले. मिन पाळक उठले, त्यांचा चेहरा पडला होता. “मिसुकच्या आई, त्या पहाटेचं सांगा ना. पाहुणे लांबून आलेत. देवाने काय केलं ते सगळ्यांना कळू दे.”

माझ्या घशाशी आलं होतं सगळं. एक श्वास सैल सोडला असता तर बाहेर पडलं असतं, आणि पुन्हा मी म्हणू शकले असते की मी तर देवाचीच थोरवी सांगत होते. मी व्यासपीठाची कड धरली.

“माझं होतं तेवढं सांगितलं,” मी म्हणाले. “बाकीचं माझं नाही.”

खाली येऊन बसले. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली, पलीकडच्या गावचे एकमेकांकडे बघायला लागले, पाळकांनी गीताचं पुस्तक उघडलं.

तेवढ्यात मागे बाक करकरला.

“बाकीचं माझं आहे,” पिलसून म्हणाली.

ती पुढे गेली नाही. तिथेच, पुढच्या बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली. तिचा आवाज बारीक, म्हणून सगळे आपोआप गप्प झाले. आणि तिने सांगितलं. गिलसू बोटीवर नव्हता, कुठे होता ते. आपण खोटं बोललो ते. तो का गेला ते, माझं नाव न घेता. मग रोज पहाटे काय मागितलं, ते कसं मिळालं, आणि पुन्हा काय मागितलं तेही कसं मिळालं. तिचं बोलणं ऐकता ऐकता दुकानवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा हात धरलेला मी पाहिला. मिन पाळक पुस्तक उघडं धरून खाली बसले.

“दोनदा मागितलं, दोनदा त्याने ऐकलं,” पिलसून म्हणाली. “तो ऐकतो. मी सांगते तुम्हाला, तो ऐकतो, तेव्हा काय मागता ते बघून मागा. मी नऊ वर्षं रोज इथे आले, पोरासाठी मागायला म्हणून आले, आणि तोंडातून रोज हिचं नाव निघालं. पोराचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.”

तिने बाकाची पाठ आणखी घट्ट धरली.

“आज तुम्ही सगळे घ्या. मोठ्याने घ्या, आपल्या पद्धतीने.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “मालनिम, सुरुवात तू कर.”

मी उभी राहिले. मला ठाऊक होतं की आवाज फाटका निघणार, मधेच तुटणार, आणि ते चालणार होतं.

“प्रभू,” मी म्हणाले, “गिलसू.”

क्षणभर कोणालाच विश्वास बसला नाही की हे नाव इथे पुन्हा घेतलं गेलं. मग सगळ्यांनी घेतलं. दिवसाउजेडी, दारं उघडी असताना, पलीकडच्या गावच्यांनी, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं त्यांनीसुद्धा. सामवोल आजीने शेजारणीच्या तोंडाकडे बघून नाव ओळखलं आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागली. छपराचा पत्रा हादरत होता. आणि त्या सगळ्या गदारोळात पिलसून एकटी गप्प उभी होती, मान वर करून, आपल्या पोराचं नाव ऐकत.